कुंपणाआडचा पाया आणि उघडे कागद

एखाद्या पुलाचे, धरणाचे किंवा मोठ्या इमारतीचे काम चालू असले म्हणजे रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थांबतो, कुंपणाच्या फटीतून आत डोकावतो आणि येथे काय होणार म्हणून शेजाऱ्याला विचारतो. हे कुतूहल मनुष्यस्वभावातच आहे. इंग्लंडमध्ये मात्र या कुतूहलाला एका छंदाचे, किंबहुना एका लहानशा शास्त्राचे रूप आले आहे. करमणुकीच्या उद्यानात नवा रोलर कोस्टर उभा राहू लागला की त्याचे शौकीन महिनोन् महिने कुंपणाभोवती घिरट्या घालतात. खोदलेल्या खड्ड्यांची खोली आणि काँक्रीटच्या पायांची संख्या ते टिपून ठेवतात. मालमोटारींतून आलेल्या रुळांचे तुकडे मोजतात. आणि गाडी किती उंच चढेल, किती वेळा उलटी होईल, ती कोणत्या कारखान्यात घडविली गेली असेल यावर आपापसांत वाद घालतात. प्रथमदर्शनी हा सारा रिकामटेकडा उद्योग वाटेल. अर्थशास्त्राच्या अध्यापनात ज्याची हयात गेली त्या प्रस्तुत लेखकालाही आरंभी तसेच वाटले होते. परंतु या छंदाचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला, तेव्हा लोकशाही समाजवादाला जिव्हाळ्याचा असलेला एक प्रश्न त्यात दडलेला आढळला. म्हणून हा लेखप्रपंच.

उदाहरण घ्यावयाचे ते स्टॅफर्डशायर परगण्यातील ऑल्टन टॉवर्स या उद्यानाचे. श्रूजबरीच्या उमरावांची ही जुनी जहागीर. तिचा पडका वाडा आणि सुंदर बगीचे आजही उभे आहेत, आणि त्यांच्याच आसपास १९८० सालापासून मोठे रोलर कोस्टर उभारले जाऊ लागले. भोवतालची खेडी आणि ऐतिहासिक परिसर यांचा विचार करून येथील बांधकामावर एक विलक्षण बंधन आले : कोणताही खेळ झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच दिसता कामा नये. उंच जाता येत नाही तर खोल जावे, असा मार्ग व्यवस्थापनाने काढला. १९९४ साली सुरू झालेल्या ‘नेमेसिस’ या कोस्टरसाठी खडक फोडून दरी तयार करण्यात आली आणि रूळ त्या दरीतून फिरविण्यात आले. जॉन वॉर्डली हे त्याचे कल्पक योजक. खेळ बांधून पुरा होईपर्यंत त्याला खरे नाव द्यावयाचे नाही, ‘गुप्त शस्त्र’ असे म्हणून पुढे एक क्रमांक लावावयाचा, ही प्रथाही येथलीच. तिसरे गुप्त शस्त्र म्हणजे नेमेसिस, चौथे १९९८ सालचे ‘ऑब्लिव्हियन’, सहावे २०१० सालचे ‘थर्टीन’, सातवे २०१३ सालचे ‘स्मायलर’. प्रत्येक क्रमांक जाहीर झाला की अटकळींचा हंगाम सुरू झालाच.

या अटकळी निव्वळ हवेतल्या नसतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. रुळांखालच्या कण्याचा छेद चौकोनी आहे की त्रिकोणी जाळीचा, खांब एकमेकांना कसे जोडले आहेत, दोन खांबांतील अंतर किती, यांवरून निर्माता स्वित्झर्लंडमधील आहे की जर्मनीतील हे जाणकार शौकीन ओळखतात. पायाचा आकार आणि खांबाची उंची यांवरून गाडीचा वेग काढण्याइतके पदार्थविज्ञान त्यांनी स्वतःच्या आवडीने आत्मसात केलेले असते. सरे परगण्यातील थॉर्प पार्क येथे २४ मे २०२४ रोजी ‘हायपेरिया’ हा कोस्टर सुरू झाला. त्याला हे नाव मिळण्यापूर्वीच, म्हणजे ‘प्रोजेक्ट एक्सोडस’ या टोपणनावाने त्याचे कागद फिरत होते तेव्हाच, तो २३६ फूट उंच असणार, ब्रिटनमध्ये सर्वांत उंच ठरणार आणि जर्मनीच्या माक कंपनीकडून येणार, हे शौकिनांनी हेरले होते. शाळेत गणिताला कंटाळलेली मुले कुंपणापाशी उभी राहून गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मांडतात, या दृश्याने कोणत्याही शिक्षकाला आनंदच व्हावा.

आता मूळ प्रश्न असा की, हे कागद त्यांच्या हाती येतात कसे? कंपनीला तर गुप्तता हवी असते. याचे उत्तर १९४७ सालात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अधिकारावर आलेल्या ॲटली यांच्या मजूर सरकारने त्या वर्षी नगर व ग्राम नियोजनाचा कायदा संमत केला. त्याचे श्रेय लुईस सिल्किन या मंत्र्यांकडे जाते. जमीन ज्याची त्याने तिच्यावर मनास येईल ते बांधावे, ही शतकानुशतकांची मालकीची कल्पना या कायद्याने मोडली. जमीन मालकाचीच राहिली. परंतु तिच्यावर बांधण्याचा हक्क समाजाचा ठरला. ज्याला काही उभारावयाचे असेल त्याने स्थानिक लोकनियुक्त संस्थेकडे परवानगी मागितली पाहिजे, असा दंडक पडला. परवानगीमुळे जमिनीच्या किमतीत होणारी सगळी वाढ आकाराच्या रूपाने समाजाकडे परत घ्यावी, अशीही तरतूद त्या कायद्यात होती. हुजूर पक्षाचे सरकार आल्यावर १९५३ साली ती रद्द झाली. जमीनदारांच्या खिशाला हात घालणारा भाग गेला, परवानगीचा भाग मात्र टिकला. अर्जांची नोंदवही लोकांना पाहता यावी, आराखडे मांडले जावेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरकत घेता यावी, ही परंपरा त्यातूनच रुजली आणि वाढली.

ऑल्टन टॉवर्सच्या व्यवस्थापनालाही स्टॅफर्डशायर मूरलँड्सच्या जिल्हा कौन्सिलपुढे आपले नकाशे ठेवावे लागतात. खांब कोठे रोवणार, खड्डा किती खोल खणणार, आवाज किती होणार, झाडे कोणती तोडणार, हे सारे लिहून द्यावे लागते. शौकीन जे वाचतात ते हेच कागद. तात्पर्य, ज्या छंदाला आपण पोरखेळ समजलो त्याच्या बुडाशी मजूर पक्षाच्या सरकारने केलेला एक कायदा आहे. त्या मुलांना त्याची जाणीव असो वा नसो.

भांडवलदारी मात्र अशा उघडेपणाचाही व्यापार करू शकते. कायद्याने जेवढे दाखवावे लागते तेवढे दाखवावयाचे आणि उरलेल्या अंशाभोवती गूढ उभे करून ते विकावयाचे, असे हे तंत्र आहे. ‘थर्टीन’चे उदाहरण बोलके आहे. आराखड्यात एक बंदिस्त इमारत दिसत होती. त्या इमारतीत काय होणार, हे कोणी सांगेना. अत्यंत भीतिदायक असे काही तरी येत असल्याची जाहिरात झाली आणि शौकिनांच्या कल्पनाशक्तीला भरते आले. प्रत्यक्षात काळोखात गाडी थांबते आणि खालच्या रुळासकट काही फूट सरळ खाली कोसळते, अशी ती योजना होती. यंत्र म्हणून ती नवी आणि कौतुकास्पद होती. तरीही महिनोन् महिने वाढविलेल्या अपेक्षेपुढे ती पुष्कळांना तोकडी वाटली. त्या काळात लोकांनी केलेल्या चर्चा, काढलेली छायाचित्रे आणि रंगविलेले तर्क हे सारे कंपनीच्या दृष्टीने फुकट मिळालेले प्रसिद्धीचे श्रम होते. या श्रमांना वेतन नाही आणि त्यांची कोणी नोंदही घेत नाही. मात्र आनंदासाठी केलेल्या प्रत्येक गोष्टीला शोषण म्हणण्याचा कर्मठपणा आम्ही करणार नाही. क्रिकेटच्या संघनिवडीवर आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यांवर चालतात ते वाद याच जातीचे आहेत. त्यांत मनाला मोकळीक मिळते आणि मैत्री जुळते. आमचा आक्षेप या आनंदाला नाही. लोकांची दृष्टी जेथे नेऊन सोडली जाते आणि जेथून वळविली जाते, त्या सीमारेषेविषयी आम्हाला बोलावयाचे आहे.

ती सीमारेषा ‘स्मायलर’ने दाखवून दिली. या सातव्या गुप्त शस्त्राविषयी शौकिनांचा मुख्य वाद एकच होता : प्रवाशाचे डोके खाली आणि पाय वर करणारी वळणे किती? थॉर्प पार्कमधील ‘कोलोसस’ने २००२ साली दहाचा उच्चांक गाठला होता. तो मोडणार हे उघड होते. परंतु आकडा कंपनी सांगेना. मग नकाशावरील गुंतागुंतीच्या रेषा बोटाने गिरवीत मोजदाद चालली. अखेर १४ हा आकडा जाहीर झाला आणि तो जागतिक उच्चांक आजही अबाधित आहे. जर्मनीच्या गेर्स्टलाउअर कंपनीने घडविलेला आणि एक कोटी ऐंशी लाख पौंड खर्चाचा हा कोस्टर, जाहीर केलेला मुहूर्त टळून, ३१ मे २०१३ रोजी सुरू झाला. त्याचे नाव हसण्यावरून ठेवलेले होते, आणि हसरे तोंड हेच त्याचे बोधचिन्ह होते.

२ जून २०१५ रोजी, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी, त्या रुळांवर अनर्थ घडला. त्या दिवशी नेहमीच्या गाड्यांत आणखी एका गाडीची भर घालण्यात आली होती आणि दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञांपैकी काहींना याची कल्पना नव्हती. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी एका वळणावर चढू न शकल्याने मागे घसरून खोलगट भागात थांबली. मागून १६ प्रवाशांची गाडी येत होती. पुढचा रूळ मोकळा नाही हे नियंत्रक यंत्रणेने ओळखले आणि तिला थांबविले. यंत्राने आपले काम चोख केले होते. परंतु तंत्रज्ञांना वाटले, यंत्रणाच चुकते आहे. त्यांनी ती बाजूला सारून गाडी पुढे सोडली आणि ती रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. प्रवासी जमिनीपासून कित्येक फूट उंचीवर, तिरक्या अवस्थेत, तासन् तास अडकून पडले. दोन तरुण मुलींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला.

पुढील चौकशी सरकारच्या आरोग्य व सुरक्षितता कार्यकारी मंडळाने केली. तिचा निष्कर्ष नीट लक्षात घेण्यासारखा आहे. रुळांत दोष नव्हता, डब्यांत दोष नव्हता, गाड्या एकमेकींपासून दूर ठेवणाऱ्या नियंत्रक यंत्रणेतही दोष नव्हता. म्हणजे शौकिनांनी ज्या ज्या वस्तू कुंपणापलीकडून मोजल्या, ताडल्या आणि वाखाणल्या होत्या त्या सर्व निर्दोष होत्या. कमी पडली ती माणसांच्या कामाची व्यवस्था. यंत्र मध्येच थांबले तर कोणी काय पाहावे, कोणी कोणाला विचारावे, रुळावर किती गाड्या आहेत याची खात्री कोणी करावी, याची पुरेशी लेखी पद्धत घालून दिलेली नव्हती. पायाची खोली सरकारदरबारी नोंदविली गेली होती. परंतु गाडी थांबली असता ती पुन्हा सोडण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या खात्रीनंतर, हे जाणण्याचा मार्ग त्या गाडीत बसणाऱ्या कोणालाही उपलब्ध नव्हता.

कंपनीने स्वतःच्या चौकशीनंतर मानवी चुकीकडे बोट दाखविले. हा मालकवर्गाचा फार जुना मंत्र आहे. गिरणीत हात तुटला तर कामगार बेसावध होता, खाणीत छप्पर कोसळले तर खाणकामगाराने टेकू नीट लावला नाही, रेल्वेची टक्कर झाली तर सांधेवाल्याने खूण चुकविली. कार्यकारी मंडळाने हा मंत्र मानला नाही. ज्या हातांनी कळ दाबली त्या हातांना पुरेशी पद्धत, पुरेशी माहिती आणि पुरेशी देखरेख देण्याची जबाबदारी मालकाची होती आणि त्यात मालक चुकला, अशी त्याची भूमिका होती. मर्लिन एंटरटेनमेंट्सच्या घटकाने न्यायालयात दोष कबूल केला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयाने ५० लाख पौंडांचा दंड ठोठावला. हा खटला १९७४ सालच्या कामावरील आरोग्य व सुरक्षिततेच्या कायद्याखाली चालला होता, आणि तो कायदा संमत झाला तेव्हा मजूर सरकारात रोजगारमंत्री होते मायकेल फूट. एक कायदा बांधकामापूर्वी कागद उघडतो, दुसरा अपघातानंतर दंड करतो. दोन्ही समाजवादी चळवळीच्या रेट्यातून आलेले आहेत आणि दोन्ही मोलाचे आहेत. परंतु त्यांच्या दरम्यान रोजचे सकाळ-संध्याकाळचे काम चालते आणि तेथे लोकांच्या दृष्टीला मज्जाव आहे.

अपघाताची किंमत आणखी कोणी मोजली तेही पाहू. लोक येईनासे झाले, उत्पन्न घटले, आणि २०१५च्या ऑक्टोबरमध्ये ऑल्टन टॉवर्समधील १९०पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचा बेत जाहीर झाला. ज्यांनी गाड्यांची संख्या ठरविली नव्हती, ज्यांनी पद्धती आखल्या नव्हत्या, अशांच्या पोटावर पाय आला. नफा वाटून घेताना वर पाहावयाचे आणि तोटा वाटताना खाली पाहावयाचे, हा या अर्थव्यवस्थेचा शिरस्ताच आहे.

मालक तरी कोण? जहागीरदार कधीच गेले. २००७ साली मर्लिनने उद्यान घेतले आणि त्याच वर्षी त्याखालची जमीन एका गुंतवणूकदार संस्थेला विकून ती परत भाडेपट्ट्याने घेतली. २०१३ साली कंपनीचे भाग लंडनच्या बाजारात आले. २०१९ साली ‘लेगो’ खेळण्यांच्या मालक कुटुंबाची संस्था, ब्लॅकस्टोन हा अमेरिकन गुंतवणूक समूह आणि कॅनडाच्या निवृत्तिवेतन निधीचे मंडळ यांनी मिळून सुमारे ६ अब्ज पौंडांना ती विकत घेतली. म्हणजे कॅनडातील एखाद्या कामगाराच्या म्हातारपणाची पुंजी स्टॅफर्डशायरमधील एखाद्या तंत्रज्ञाच्या कामाच्या घाईगर्दीशी जोडली गेली आहे आणि दोघांनाही एकमेकांची ओळख नाही. शौकिनाला रुळांच्या निर्मात्याचे नाव पाठ असते. जमिनीच्या मालकाचे नाव त्याने कधी विचारलेले नसते, कारण ते विचारावे असे त्याला कोणी सुचविलेले नसते.

यावर कोणी म्हणेल की, शौकिनांना दुरुस्तीची नोंदवही दाखविली असती तर तो अपघात टळला असता काय? तसा दावा आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या ठिकाणी अनेक डोळ्यांची पाळत असते तेथे कामे नीट लिहिली जातात, आणि जे नीट लिहिलेले असते ते नीट केले जाण्याची शक्यता वाढते. ज्या शौकिनाला रुळाच्या छेदावरून कारखाना ओळखता येतो त्याला तपासणीचा अहवाल कळणार नाही, हे कोण मान्य करील? वर्षभरात खेळ किती वेळा बंद पडला, कोणत्या कारणाने, किती माणसे त्यावर नेमली आहेत, त्यांना किती शिक्षण दिले गेले, वाऱ्याची मर्यादा किती आणि ती कोण मोजतो, एवढी माहिती प्रत्येक मोठ्या खेळाच्या प्रवेशद्वारावर लावणे अशक्य नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गाडी सोडू नये असे वाटल्यास ती न सोडण्याचा अधिकार तेथे काम करणाऱ्याला निर्धास्तपणे वापरता आला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या पाठीशी संघटना हवी. ब्रिटनमध्ये १९७७ सालच्या नियमांनी मान्यताप्राप्त कामगार संघटनांना सुरक्षा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. परंतु हंगामापुरती माणसे घ्यावयाची आणि हंगाम संपला की सोडावयाची, अशा उद्योगात संघटना रुजणे सोपे नसते.

इंग्लंडच्या या कहाणीशी आपला काय संबंध, असे वाचकांना वाटू नये. उंच फिरणाऱ्या खेळांत आपलीही मुले बसतात. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात असाच एक झुलता खेळ तुटून पडला आणि दोघांचे प्राण गेले. आपल्याकडे बांधकामाचा नकाशा पाहण्याची सवय नाही आणि तो मागणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. परंतु कागद वाचण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे मात्र नाही. राजस्थानातील मजूर-शेतकऱ्यांनी १९९४ सालापासून जनसुनावण्या भरवून रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांचे मस्टर भर सभेत वाचावयास लावले. मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचलल्याचे निरक्षर बायांनी दाखवून दिले. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला आणि २००५ साली तो देशाला मिळाला. खासगी उद्यान स्वतः त्या कायद्याच्या कक्षेत येत नसले, तरी त्याला दिलेला परवाना आणि त्याची तपासणी यांचे कागद सरकारी कचेरीत असतात, आणि ते मागण्याचा हक्क आपल्याला आहे. तो किती जण वापरतात?

कुंपणाच्या फटीतून आत डोकावणाऱ्या मुलाला कोणी हटकू नये. तो खांब मोजतो आहे, मोजू द्यावेत. आकडा बरोबर आला तर त्याची पाठ थोपटावी. मात्र मोजून झाल्यावर त्याला आणखी एक प्रश्न विचारावयास शिकविले पाहिजे : हे यंत्र उद्या चालविणारा माणूस कोण आहे, त्याला किती वेतन मिळते, आणि भीती वाटली तर गाडी थांबविण्याची त्याला मुभा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद नकाशाइतकाच उघडा होईल तेव्हा १९४७ साली सुरू झालेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.